नास्तिकाच्या घशासाठी कोंबडा

आमच्या शाळेच्या सकाळच्या सत्रात दोन मुसलमान मुलगे होते, एक ख्रिश्चन मुलगी होती, आणि नववीच्या पहिल्या चाचणीनंतर एक नास्तिक होती. ती मी.

हे मी अभिमानाने सांगत नाही. नास्तिक व्हायला जे वाचन लागतं, जो विचार लागतो, तो माझ्याकडे तेव्हा नव्हता. आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी तो आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे एखादी गोष्ट मला खरोखर वाटते आहे, की नुसती पुस्तकात आली म्हणून वाटते आहे, हे विचारायला घरी कुणी नव्हतं.

झालं ते असं. विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं, की जे निरीक्षणाने आणि प्रयोगाने दाखवता येत नाही ते विज्ञान मानत नाही. मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. हेच सर प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवण्याआधी डोळे मिटून हात जोडत. पण ते काही वहीत लिहायला सांगितलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात चाचणी आली. मराठीच्या पेपरात निबंधाचा विषय होता, ‘मला मनापासून जे वाटते’. बाकीच्या मुलींना मनापासून देशसेवा करावीशी वाटत होती. मी प्रश्न नीट दोनदा वाचला आणि मनापासून वाटत होतं ते लिहिलं. देव आहे असं मला वाटत नाही, कारण तो प्रयोगाने दाखवता येत नाही. गणपतीचे दिवस आणि मोदक मात्र मला फार आवडतात.

दहापैकी साडेसात मिळाले. बाईंनी ‘गणपती’मधला ऱ्हस्व-दीर्घ सुद्धा तपासला होता. मग तो पेपर त्या शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेल्या, आणि तिथून तो मोठ्या सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे गेला.

यात एक अडचण होती. शाळेची सकाळची प्रार्थना मी सांगत असे.

सहावीपासून ते काम माझ्याकडे होतं. मी माईकसमोर उभी राहून एक ओळ म्हणायची, मग सगळ्या शाळेने ती म्हणायची, शेजारी संगीताचे सर पेटी धरायचे. शाळेच्या गच्चीवर भोंगा होता. आमची चाळ घाटकोपरच्या डोंगरावर, शाळा डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे भोंग्यातला माझा आवाज सरळ चाळीत जायचा. त्या वेळी आई सार्वजनिक नळावर रांगेत असायची. आईला लिहिता-वाचता येत नाही. शाळेच्या फाटकाच्या आत ती कधी आलेली नव्हती; निकालाच्या दिवशीही बाहेर बोरंवालीच्या शेजारी उभी राहायची आणि मी बाहेर आल्यावर नुसती मान हलवून ‘काय?’ विचारायची. मी शाळेत जाते म्हणजे तिथे नक्की काय करते, हे तिला त्या भोंग्यातून कळायचं. माझा आवाज आला की ती बाकीच्या बायकांना सांगे, “पोचला माझा चेडू.” आणि हंडा पुढे सरकवे. आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी.

तेव्हा प्रार्थना हे माझ्या दृष्टीने देवाचं काम नव्हतंच. ते आईला कळवण्याचं काम होतं. पण हे मला आज सांगता येतं. मोठ्या सरांच्या समोर सांगता आलं नाही.

मोठे सर अतिशय सज्जन माणूस. शाळा सरकारी अनुदानावर चालते, म्हणून ती सगळ्यांची आहे, असं ते दर महिन्याला एकदा तरी सांगत. मुसलमान मुलांना आणि ख्रिश्चन मुलीला प्रार्थना म्हणण्याची सक्ती नव्हती. त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ रांगेत शांत उभं राहायचं. त्यांच्या सणांना सर स्वतः वर्गावर जाऊन शुभेच्छा देत. नास्तिकाचं काय करायचं, हे मात्र त्यांच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. शिपाईमामा मला नंतर म्हणाले, की सरांनी त्या दिवशी तीन फायली काढायला लावल्या होत्या.

मला बोलावून त्यांनी खुर्चीवर बसवलं. विद्यार्थ्याला त्या खोलीत बसायला मिळणं म्हणजे काहीतरी फार वाईट झालेलं असणार, असं मला वाटलं. ते खूप वेळ बोलले. प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं, वय लहान असलं तरी मत हे मतच असतं, आपल्या शाळेत कुणाच्या मनावर जबरदस्ती होता कामा नये. आणि शेवटी, मोठं बक्षीस द्यावं तसं म्हणाले, “उद्यापासून तुला प्रार्थना सांगावी लागणार नाही.”

“पण सर...” मी म्हटलं.

“आभार नकोत,” सर म्हणाले. “हे आमचं कर्तव्यच आहे.”

दुसऱ्या दिवशी मी टाकीजवळच्या रांगेत जाऊन उभी राहिले. दोन मुलांपैकी थोरला दहावीत होता, गोवंडीहून यायचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू इकडे कशाला?”

“मी नास्तिक आहे.”

त्याने जरा विचार केला. “म्हणजे सण कुठला तुमचा?”

“सण नाही.”

“सुट्टी?”

“वेगळी अशी नाही.”

“वाट लागली यार तुझी,” तो अगदी मनापासून म्हणाला. ख्रिश्चन मुलगी मढहून मावशीकडे शिकायला आलेली, फार कमी बोलायची. तिने मला तिच्या शेजारी सावलीत जागा करून दिली. तिकडे आठवीतली एक मुलगी माईकवर माझी प्रार्थना सांगत होती. तिसऱ्या ओळीला ती श्वास चुकीच्या ठिकाणी घेत होती. मी टाकीजवळ उभी राहून योग्य ठिकाणी घेतला. त्याचा अर्थातच काही उपयोग झाला नाही.

शाळेत त्या दिवसापासून सगळे माझ्याशी फार हळुवार वागायला लागले. घरात कुणाला कावीळ झाली असेल तर वागतात तसे. शुक्रवारी शेवटच्या तासाला सरस्वतीची आरती असायची. तेव्हा मी काय करायचं यावर शिक्षकांची थोडी चर्चा झाली आणि मी हॉलबाहेर चपलांवर लक्ष ठेवावं असं ठरलं. चपला कोणी नेत नव्हतं, पण काम प्रतिष्ठेचं आहे असं मला सांगण्यात आलं. आरती संपल्यावर चित्रकलेच्या बाई कागदात प्रसाद घेऊन बाहेर आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या.

“तुला चालेल ना गं?” त्यांनी विचारलं. “शेंगदाणे आणि गूळच आहे. म्हणजे, त्यात तसं काही नाही.”

मी खाल्लं. चांगलं होतं.

खरी अडचण घरी होती. पहिल्याच दिवशी मी दप्तर ठेवायच्या आत आईने विचारलं, की आज ती दुसरी कोण बोंबलत होती. मी म्हटलं, माझा घसा बसलाय. खोटं बोलायची सवय नसली की माणूस जवळचं पहिलं खोटं उचलतो, आणि मग ते किती दिवस पुरवावं लागेल याचा हिशेब राहत नाही. आईने लगेच मिठाचं पाणी गरम केलं. दुसऱ्या दिवशी हळद घातलेलं दूध. तिसऱ्या दिवसापासून ज्येष्ठमधाची कांडी, जी मी दिवसभर दाढेखाली धरायची. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कसलासा काढा दिला. तो प्यायल्यावर खरंच एक तास आवाज येईना, तेव्हा आईला वाटलं की रोग बाहेर पडतोय. घरात बोलताना मला घसा बसल्यासारखं बोलावं लागे. एकदा झोपेतून उठून मी विसरून चांगल्या आवाजात बोलले, तर आईचा चेहरा इतका उजळला की मला पुन्हा खोकावं लागलं.

अकराव्या दिवशी मी शाळेतून आले तर आई शांत होती. कपाळाला कुंकू ठसठशीत लावलेलं. तिने सांगितलं, की तिने गावच्या राखणदाराला नवस बोलला आहे. चेडवाचा घसा सुटू दे, मे महिन्यात येऊन कोंबडा देते.

आमच्याकडे, सिंधुदुर्गात, गावाची राखण करणारा एक देव असतो, तो राखणदार. त्याला कबूल केलं ते केलं. माझा घसा धडधाकट होता, मी देव मानत नव्हते, आणि माझ्या खोटेपणापायी गावातल्या कुठल्यातरी कोंबड्याचा मे महिना ठरून गेला होता. ते मला सहन होईना. संध्याकाळी आई दळणाला गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं.

बाबांबद्दल सांगायला हवं. गिरणी बंद पडल्यावर ते प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्यात लागले होते. स्वभाव अबोल. चाळीच्या मीटिंगमध्ये, रेशनच्या दुकानात, कुठेही ते बोलत नसत; आई बोलायची. पण वर्षातून एकदा, गणपतीत, सगळी चाळ त्यांना पुढे करायची, कारण गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, हात जोडून, आपली सगळी तक्रार आणि मागणी एका दमात मोठ्याने सांगायची. सांगणारा प्रत्येक वाक्यापाशी थांबतो, आणि मागे उभे असलेले सगळे म्हणतात, ‘होय म्हाराजा’. तसं म्हटलं की ती मागणी सगळ्यांची झाली. बाबा गाऱ्हाणं घालायला लागले की हाच तो गप्प माणूस का, असं नव्या बिऱ्हाडकरूंना वाटे.

माझं ऐकून झाल्यावर त्यांनी थोडा वेळ विडी नुसती हातात फिरवली.

“देव नाय, ह्या तुका कोणी सांगल्यान?”

“विज्ञानाच्या सरांनी. म्हणजे, तसं नाही सांगितलं. मला वाटलं.”

“ते सर हात जोडतत?”

“दिवा पेटवायच्या आधी जोडतात.”

“मगे?”

ते रागावले नाहीत. देवाचं काय ते पुढे बघू, म्हणाले. प्रार्थना कुणी बंद केली ते सांग. मी म्हटलं, बंद नाही केली, सवलत दिली. सवलत म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. गिरणीत असताना त्यांना एकदा अशीच कामावर न यायची सवलत मिळाली होती, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याबरोबर शाळेत आले.

मोठ्या सरांच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढल्या. शिपाईमामांनी ते पाहिलं, आणि बाबांनी शिपाईमामांकडे पाहिलं, आणि दोन वाक्यांत त्यांचे तालुके जुळले. आत मराठीच्या बाईही होत्या. सरांनी बाबांना ‘बसा’ म्हटलं. बाबा बसले नाहीत. सर पुन्हा खूप वेळ बोलले. सक्ती नाही, समभाव आहे, शिवाय हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. जी मुलगी स्वतः मानत नाही तिला सगळ्या शाळेपुढे प्रार्थना सांगायला लावणं हा तिच्यावरच अन्याय नाही का? बाबा मान हलवत होते. सरांना वाटलं, पटलं.

“आता तुमचं काय म्हणणं आहे, ते अगदी मोकळेपणाने सांगा,” सर म्हणाले.

इथे बाबांची चूक झाली. चूक म्हणजे, त्यांना मोठ्या माणसासमोर आपलं म्हणणं मांडायची एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि खोली भरून जाईल अशा आवाजात म्हणाले,

“बा बारा वर्गांच्या, बारा बाकांच्या मोठ्या सरा म्हाराजा.”

सरांनी चमकून मागे भिंतीकडे पाहिलं. तिथे सरस्वतीची तसबीर होती. बाबा तिच्याशी बोलत असावेत असं त्यांना वाटलं असणार.

“आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात उभा आसा. तेच्या हातसून काय चुकला माकला आसात, तर पोटात घाल.”

“होय म्हाराजा,” दारातून आवाज आला. शिपाईमामा चहाची कपबशी धरून उभे होते.

“तेणा कागदार लिवल्यान, देव दिसना नाय. दिसना नाय ता दिसना नाय म्हणून सांगल्यान. खोटा लिवला आसता, तर आज माईकार उभा रवला आसता.”

“होय म्हाराजा.”

“तुझी पेटी देव मानता काय नाय, ता कोणी इचारूक नाय. पेटयेक कोणी टाकीकडे नेवन ठेवूक नाय. मगे माझ्या चेडवाक कित्याक?”

मराठीच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी जमिनीकडे बघत होते, पण सवय वाईट असते. ‘होय म्हाराजा’ म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला.

बाबांचा आवाज आता जरा खाली आला.

“हेची आवस सकाळी नळार उभी रवता. तिका वाचूक येना नाय. चेडवाचो आवाज आयकलो, काय तिका कळता, पोर शाळेत पोचला. तेवढो आवाज तिका परत गावांदे. देव मानूचो काय नाय, ता पोर शिकान शाणा झाल्यार आपला आपण बघात. असा काय ता कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” शिपाईमामा म्हणाले, मी म्हणाले, आणि त्यात तिसरा एक आवाज होता. पुटपुटल्यासारखा, पण होता. मोठ्या सरांचा.

बाबांनी डोळे उघडले, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि पुन्हा गप्प झाले, जसे काही ते कधी बोललेच नव्हते.

सरांनी चष्मा काढून पुसला. “ते ‘होय’ मी ऐकतोय या अर्थाने म्हणालो,” ते म्हणाले.

“सर, गाऱ्हाण्यात होय म्हटलं की झालं,” शिपाईमामांनी अदबीने सांगितलं. “मागे घेता येत नाही.” आणि चहा टेबलावर ठेवला.

सरांनी चहाचा एक घोट घेतला. मग सर माझ्याकडे वळले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं.

“तुला स्वतःला काय हवं आहे?”

“मला प्रार्थना सांगायची आहे, सर.”

“आणि देव?”

मला खरंच खोटं बोलायचं नव्हतं. “तो अजून दिसत नाही, सर.”

सरांनी मान हलवली. “बरं,” ते म्हणाले. “दिसला तर कळव.”

दुसऱ्या सकाळी मी माईकसमोर उभी राहिले. टाकीजवळच्या थोरल्या मुलाने आदल्या दिवशीच कुरकुर केली होती, की आता आम्ही तिघंच उरलो. पण गाऱ्हाण्याची बातमी शाळाभर झालेली होती, आणि तोही धीर करून मोठ्या सरांकडे गेला. प्रार्थना म्हणायची नाही, पण भोंग्याचं बटण दाबायला त्याला आवडेल, असं त्याने सांगितलं. सरांनी ताबडतोब दिलं. बहुधा तोही गाऱ्हाणं घालेल अशी त्यांना भीती वाटली असावी. त्याने बटण दाबलं, भोंगा खरखरला, मी पहिली ओळ म्हटली. तिसऱ्या ओळीला श्वास बरोबर ठिकाणी घेतला.

घरी आले तर आई चाळीच्या जिन्यातच उभी होती. “सुटलो घसो,” ती म्हणाली. राखणदाराला दोनच दिवस लागले होते. अकरा दिवस मीठ-पाण्याने जे झालं नाही ते त्याने केलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी विडीचा धूर खिडकीकडे सोडला आणि मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

कोंबडा वाचला नाही. मे महिन्यात आम्ही गावी गेलो. बाबांनी राखणदारापुढे गाऱ्हाणं घातलं, की बाबा रे, चेडवाचो घसो बरो केलंस, असोच पाठीशी रव. सगळ्यांबरोबर मीही ‘होय म्हाराजा’ म्हटलं. ते खोटं होतं की नव्हतं, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. सागोती, म्हणजे कोंबड्याचा रस्सा, झकास झाली होती. त्या कोंबड्यासाठी एवढी तळमळ केलेली मी, वडे घेऊन दोनदा वाढून घेतलं, हे इथे कबूल करते.

दहावीपर्यंत प्रार्थना मीच सांगितली. नंतर मला कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी मी परत आले तेव्हा आईने ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, “थंय प्रार्थना कोण सांगता?”

मी म्हटलं, कॉलेजात प्रार्थना नसते. कुणी कुणाला विचारतही नाही, मानता की नाही. भोंगाही नाही.

आपण आता मोकळ्या जगात आलो, असं मला म्हणायचं होतं. आई मात्र हिरमुसली. भाताचा चमचा तिने तसाच हातात धरला.

“मगे तू कॉलेजात पोचलंस, ह्या माका कळतला कसा?”

म्हणून आता मी असं करते. माझं कॉलेज दुपारचं असतं. सकाळी आई नळावर रांगेत असते तेव्हा मी दारात उभी राहून अर्थशास्त्राचं एक पान मोठ्याने वाचते. पुस्तक इंग्रजी आहे. रांगेतल्या बायका मागे वळून बघतात, आई हंडा पुढे सरकवते. तिला त्यातलं काही कळत नाही. मलाही सगळं कळतं असं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला श्वास कुठे घ्यायचा, ते आता जमायला लागलं आहे.